सदतीस सालचं प्रूफ

१

लाल चामड्याची पेटी उघडली तेव्हा खोलीत सहा माणसं होती आणि पेटीत एकही राजा नव्हता.

'राजे' हा श्यामराव खेडीकरांचा शब्द. एकोणीसशे सदतीस साली विलायतेत राज्याभिषेक झाला, त्याची ही चार सोन्याची नाणी: पाच पौंड, दोन पौंड, गिन्नी आणि अर्धी गिन्नी. एका अंगाला राजाचं डोकं, दुसऱ्या अंगाला घोड्यावरून अजगराला तुडवणारा वीर. बाजारात फिरायला पाडलेली ही नाणी नव्हेत. मिरवायला, नमुना म्हणून, आरशासारखी काढलेली. अशा नाण्याला जाणकार लोक प्रूफ म्हणतात. श्यामरावांनी ती चार गावांहून, चार माणसांकडून, चाळीस वर्षांत गोळा केली. पेटी सगळ्यात शेवटी मिळाली, तीही रिकामी. आज ती परत रिकामी झाली होती.

दुर्गचा नरेश, जुन्या वस्तूंचा दलाल, डोळ्याला भिंग लावून तयार बसला होता. त्याने भिंग खाली केलं.

"सुशीलभाऊ, राजे कुठे गेले?"

सुशील, श्यामरावांचा मुलगा, भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये अधिकारी. बापाला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणून त्याने ही नाणी विकायला काढली होती. त्याची बायको प्रांजली दाराशी पदर धरून उभी. पलंगावर श्यामराव. भाऊबीजेनंतर आलेल्या दुसऱ्या झटक्याने त्यांची वाचा आणि उजवा हात दोन्ही गेले होते. उशाशी औषध मोजत पायल रामटेके. ही जवळच्या चरोद्याची पोरगी, नर्सिंग शिकलेली, दोन वर्षांपासून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा श्यामरावांची देखभाल करायची. आणि सहावी कांता मेश्राम, जी दर रविवारी दहा वाजता साहेबांना पेपर वाचून दाखवायला यायची आणि आज नेमकी या तमाशात येऊन पडली होती.

सुशीलने कपाटातून बापाची नोंदवही ओढली. श्यामराव हातची प्रत्येक वस्तू तिच्यात टिपून ठेवत. शेवटची नोंद त्याने अडखळत, बोट ठेवून वाचली.

"कोजागिरी. सदतीसचं प्रूफ पायलच्या हाती दिलं. फार दिवसांचं काम झालं."

त्याने वही मिटली.

"पायल," सुशील म्हणाला, "सदतीसचं प्रूफ तुझ्याकडे आहे?"

पायलने श्यामरावांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "आहे."

"कुठे?"

"घरी. बाबाजीच्या पेटीत."

२

असा कबुलीजबाब ठाणेदाराला चार लाफे मारूनही मिळत नाही. सुशीलचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दोन वर्षं ज्या पोरीच्या हातून बापाने पेज खाल्ली, ती इतक्या थंडपणे सांगत होती.

"सोनं घरी नेऊन ठेवलं आणि वरून 'हो' म्हणतेस?"

"सोनं?" पायलच्या हातातली चमची थांबली. "कोणतं सोनं, दादा? साहेबआजोबानं मले कागद देला. जुना कागद. त्यालेच ते प्रूफ म्हणत."

"अच्छा. आता कागद झाला."

"कोणाले सांगू नको म्हणे, आधी दाखला हाती येऊ दे, मग मी सुशीलले सांगतो म्हणे. आन् मग त्यायची वाचाच गेली."

"किती सोयीची गेली."

कांताला हे वाक्य झोंबलं. तिने पलंगाशी वाकून विचारलं, "साहेब, पायलले कागद देला?" श्यामरावांनी मान हलवली. हो. सुशीलने मागून विचारलं, "बाबा, सोनं दिलं का तिला?" श्यामरावांनी मान हलवली. हो. दुसऱ्या झटक्यापासून त्यांचं असंच होतं. प्रश्न कोणताही असो, उत्तर हो.

"पाच वाजेपर्यंत सोनं आलं तर ठीक," सुशील म्हणाला. "नाहीतर मी ठाण्यात जातो. एफआयआर म्हणजे एफआयआर."

"पोलीस कशाला?" प्रांजली दारातून म्हणाली. "घरातली गोष्ट आहे. पायलला उद्यापासून येऊ नको म्हणा, झालं."

"तू शांत बस. सोनं गेलंय."

"सोन्याचं काय, आपल्या नशिबात नव्हतं. पण पोरीला जेलबिल होईल का हो?"

कांताने प्रांजलीकडे एकदा पाहिलं आणि ती नजर मनात ठेवली.

पायल भिंतीला टेकली होती. ओरडत नव्हती, रडत नव्हती. सरकारी नर्सच्या जागेवर तिची निवड झाली होती. सोमवारी, म्हणजे उद्या अकरा वाजता, कागदपत्रं तपासणीची शेवटची तारीख. आज एफआयआर झाला तर उद्या त्या टेबलापुढे उभं राहायचं कारणच उरत नव्हतं.

"सुशीलभाऊ," कांता म्हणाली, "पाच वाजतपर्यंत मले विचारू द्या सगळ्यायले. माह्या शब्दावर."

सुशील तिला नाही म्हणू शकला नाही. प्लांटच्या पर्सोनेल खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये कांताने तेहतीस वर्षं काढली होती. शाळेच्या दाखल्यात जन्मसाल खोडून नोकरीची वर्षं वाढवणारे किती बहाद्दर तिने पकडले त्याची गणती नाही. कांताबाईने फाइल उघडली की माणूस जागेवर पाच वर्षांनी म्हातारा होतो, असं कँटीनमध्ये म्हणत.

आणि ही नजर तिला दिली ती पलंगावरच्या माणसाने, तेव्हाच्या तिच्या साहेबाने. नवरा फर्नेसवरच्या अपघातात गेला तेव्हा कांता दहावी नापास होती. अनुकंपेवर लागली, पाणी द्यायला. सगळ्या साहेबांना ती पाणी देण्यापुरती बरी वाटे, काहींना तर तेवढ्यापुरतीही नाही. श्यामराव खेडीकरांनी तिला जेवणाच्या सुट्टीत टेबलापाशी बसवलं, हातात भिंग दिलं आणि पुढ्यात एक नाणं ठेवलं. "हात लावायचा नाही. फक्त पाहा आणि मला दहा गोष्टी सांग." तिने तीन सांगितल्या. दुसऱ्या दिवशी पाच. महिन्याभराने त्यांनी तिला फाइली दिल्या. उपकार हा शब्द कांताला आवडत नसे, त्यात माणूस वाकतो. पण या माणसाबद्दल तिच्या मनात जे होतं त्याला दुसरा शब्द तिच्याजवळ नव्हता.

३

दुपारी बाराला पायलचे आजोबा भय्याजी रामटेके, तिचे बाबाजी, चरोद्याहून आले. रेल्वेतून निवृत्त खलाशी, म्हणजे हातमजूर, पांढरा शर्ट, वरच्या खिशाला निळा पेन. छातीशी प्लॅस्टिकची फाइल धरलेली, जशी एखादी बाई तान्ह्याला धरते.

"जय भीम, कांताबाई. पोरीनं फोन केला. हे घ्या प्रूफ."

सुशीलने फाइल हिसकली. आत सोनं नव्हतं. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला एकच कागद होता, इंग्रजीत टाइप केलेला. राज्याभिषेकानिमित्त दुर्ग विभागातल्या रेल्वे गँगमनना लाडू आणि पितळी बिल्ला वाटल्याची यादी. तारीख बारा मे एकोणीसशे सदतीस. अकराव्या ओळीला नाव: जानराव वल्द तुकडू, गँग नंबर सात, जात महार. पुढे अंगठा.

"हा माहा आजा," भय्याजी म्हणाले.

ज्याला आमची घरं माहीत नाहीत त्याला या कागदाची किंमत कळणार नाही, म्हणून सरळच सांगतो. विदर्भातून आलेल्या आमच्या लोकांनी या भागात रूळ टाकले, भट्ट्या पेटवल्या, तीन पिढ्या इथल्या धुळीत घातल्या. पण जातीचा दाखला मागायला खिडकीवर गेलं की प्रश्न एकच: एकोणीसशे पन्नासच्या आधी तुमचा माणूस या राज्याच्या हद्दीत होता, याचं प्रूफ काय? ज्यांना सही येत नव्हती त्यांनी कागद जपून ठेवायला हवे होते, अशी सरकारची अपेक्षा. म्हणून भिलाई-चरोद्याच्या बौद्ध घरात प्रूफ म्हणजे सोनंनाणं नव्हे. प्रूफ म्हणजे पन्नासच्या आधीचा कागद. लग्न जमवतानाही विचारतात, तुमच्याकडे प्रूफ आहे का.

श्यामराव सदतीसच्या राज्याभिषेकाचं मिळेल ते जमवत. नाणी, बिल्ले, मिठाईचे डबे, आमंत्रणं. दुर्गच्या रद्दीवाल्याकडून घेतलेलं एक गाठोडं वीस वर्षं माळ्यावर पडून होतं. पायलने एकदा पेज भरवताना आपलं रडगाणं सांगितलं आणि ऐंशी वर्षांचा माणूस लंगडत ते गाठोडं सोडून बसला. तीन महिने त्याने त्यातला कागद न् कागद पाहिला.

"जात कावून लिहिली हाय, मालूम हाय का?" भय्याजींनी कांताला विचारलं. "लाडूच्या टोपल्या दोन होत्या. आमाले दुसऱ्या टोपलीतून, लांबून. कोणाले कोणती टोपली ते समजावं म्हणून लिहिली. माहा बाप सांगत होता. त्या अपमानाचा कागद आज आमाले कामी पडला. हसावं का थुंकावं, तेच समजत नाही. पण साहेबायचे पाय धुवून पाणी प्यालो असतो मी, पटत नाही आपल्या धम्मात म्हणून राहिलो."

कांता हसली. भय्याजी हसले. सुशील हसला नाही.

"हा कागद बाबांच्या संग्रहातला आहे," तो म्हणाला. "म्हणजे हाही इथून गेला. आज कागद निघाला, उद्या सोनं निघेल." त्याने फाइल कपाटात टाकली, किल्ली फिरवली आणि खिशात घातली. "सोनं आल्याशिवाय हा मिळणार नाही."

उद्या पायलच्या जातीच्या दाखल्यासाठी तपासणीच्या टेबलावर हाच मूळ कागद ठेवायचा होता. भय्याजींचे हात अजून छातीशी तसेच होते, फाइल धरल्यासारखे.

४

कांता पेटी घेऊन खिडकीशी बसली. नरेशचं भिंग मागून घेतलं.

"नाण्याशिवाय काय बघता, बाई?" नरेश म्हणाला.

"नाणं कुठं बसत होतं ते."

निळ्या मखमलीत चार गोल खळगे. सगळ्यात मोठ्या खळग्याच्या तळाला काहीतरी चिकटलं होतं. धण्याचं अर्धं टरफल. नुसतं पडलेलं नव्हे, दाबून चपटं झालेलं, मखमलीत रुतलेलं. त्याच्या भोवती कुंकवाचे दोन लाल ठिपके. आणि चारही खळग्यांच्या काठाला पांढरी भुकटी, सगळ्याच्या वरून सांडल्यासारखी. कांताने ती बोटाच्या टोकाला घेऊन हुंगली. लिंबाचा वास आला.

तिने पेटी मिटून मांडीवर ठेवली.

"नरेश, तू ही नाणी आधी कधी पाहिली?"

"पाच साल पहिले. बाबूजींनी पांढरे मोजे घालून दाखवली होती. मला तर श्वास पण बाजूला सोड म्हणे." तो हसला. "अब देखो, प्रूफ म्हणजे काय बाई, त्याच्या अंगावरचा आरसा. एकदा कोणी पुसलं की आरसा गेला. मग ते फक्त सोनं आहे, वितळवा आणि बांगड्या करा."

"आता सौदा ठरवताना कोणाशी बोलला?"

"सुशीलभाऊशी. आणि बुधवारी फोन केला तर भाभीने उचलला."

"काय बोलला तिच्याशी?"

"काही नाही. बस, इतकंच विचारलं, माल साफ है ना."

"आन् ती काय म्हणाली?"

"म्हणाली, हो जाएगा."

कांताने भिंग परत केलं.

"'साफ' म्हणजे तुह्या धंद्यात काय रे?"

"साफ मतलब... कोणी हात न लावलेला. दाग-धब्बा, खरोच नसलेला. क्यों?"

"काही नाही. चहा पिऊन येतो मी."

स्वयंपाकघरात प्रांजलीने आधण ठेवलं होतं. ती रायपूरची, माहेरी हिंदीच जास्त. इथे सासऱ्यांच्या शिस्तीत मराठी शिकली होती. भांड्यांच्या रॅकवर पितळेचं पूजेचं ताट लख्ख घासून उभं होतं.

"वहिनी, हे राजे तुम्ही कधी पाहिले होते का जवळून?"

"मी? नाही बाई. बाबा हातसुद्धा लावू देत नव्हते. किल्ली त्यांच्या उशाखाली."

"तिथं असते हे सगळ्यायले मालूम आहे."

"हो, पण मी कशाला घेऊ?" तिने साखर दोनदा घातली. "त्या नरेशला मी ओळखतही नाही. कधी बोललेसुद्धा नाही."

"यंदा धनतेरसची पूजा मोठी केली म्हणे."

चहा उतू गेला.

५

साडेचार वाजता कांताने सगळ्यांना श्यामरावांच्या खोलीत बोलावलं. साहेबांना समजो न समजो, त्यांच्या वस्तूंबद्दल त्यांच्या पाठीमागे बोलायचं नाही, असं तिने सांगितलं.

"आधी वही," ती म्हणाली. "सुशीलभाऊ, ती ओळ पुन्हा वाचा."

"सदतीसचं प्रूफ पायलच्या हाती दिलं."

"आता त्याच्या आधीचं पान. श्रावणातलं."

सुशीलने पान मागे उलटलं. "चारही प्रूफ आज पाहिली. जागच्या जागी ठेवली."

"बस. समजलं काही?"

"काय समजायचं?"

"तुमचं शिक्षण हिंदीत झालं, मराठी तुम्ही फक्त जेवताना बोलता, म्हणून नाही समजलं. तुमच्या कानाले 'दिलं' काय आन् 'दिली' काय, सारखंच. पण साहेबायनं आयुष्यात चुकीचं मराठी लिहिलं नाही. माह्या अर्जात वेलांटी चुकली तर त्यायनं तीन वेळा लिहायले लावलं. चार नाणी असतात तिथं ते 'पाहिली' लिहितात, 'ठेवली' लिहितात. एक वस्तू देली तिथं 'दिलं'. सोन्याचे चार राजे देले असते तर वहीत 'दिली' असतं. हे एकच प्रूफ हाय. भय्याजीनं आणलं ते. कागद साहेबायनं आपल्या हातानं देला, हे त्यायनंच लिहून ठेवलं हाय."

सुशीलने ओळीकडे पुन्हा पाहिलं. त्याचे ओठ हलले. दिलं. दिली. त्याच्या कानाची पाळही लाल झाली.

"मान्य," तो म्हणाला. "कागद बाबांनी दिला. पण मग सोनं कोणी नेलं? ते तरी हिने..."

"ऐका. वहीतली नोंद कोजागिरीची. या पेटीत मोठ्या नाण्याच्या जागी धण्याचं टरफल हाय, चपटं झालेलं. वरून काहीतरी जड बसल्याशिवाय ते चपटं होत नाही. म्हणजे टरफल पडल्यावर राजा त्याच्यावर येऊन बसला. बाजूले कुंकू. आपल्या तुपल्यात धणे, कुंकू आन् सोनं एका ताटात कधी येते?"

भय्याजी हळूच म्हणाले, "आमच्या इथं तर येतच नाही."

"धनतेरसला येते. कोजागिरीनंतर तेरा दिवसांनी. म्हणजे पायलले प्रूफ भेटलं त्याच्या तेरा दिवसांनंतरही चारही राजे याच घरात, पूजेच्या ताटात होते. पूजा दिवे लागल्यावर. पायल सहा वाजताच निघते आन् तिच्या घरी हे काही करत नाहीत."

"पूजा झाली, बरं. चोरी नंतर झाली असेल," सुशील म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"नंतर काय झालं तेही पेटीत हाय. चारही खळग्यात पांढरी भुकटी. भांडे घासाची, लिंबाच्या वासाची. चोर नाणं घेऊन पळते. चोर नाणं घासून, धुवून, परत डब्यात ठेवत नाही. हे ज्यानं केलं त्याले चोरी करायची नव्हती. त्याले नाणी चमकवायची होती, कारण त्याले कोणीतरी विचारलं होतं, माल साफ है ना."

नरेशने कपाळावर हात मारला.

"घासली," कांता म्हणाली, "उन्हात धरून पाहिली, तर आरशाच्या जागी बारीक बारीक रेघा. तवा समजलं का काय झालं ते. दलाल येणार रविवारी. मग ते राजे लपले. पळाले नाहीत, लाजेनं लपले." ती थांबली. "आता मी नाव घेत नाही. सकाळपासून एकच माणूस या घरात सोन्याची चौकशी करत नाही. ज्याले मालूम असते तो शोधत नाही."

मग प्रांजली वळली आणि आत गेली. शिवणाच्या मशीनचा खण ओढल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात ब्लाऊजपीसची गाठोडी होती. तिने ती पलंगावर, श्यामरावांच्या पायाशी ठेवली आणि सोडली. चार राजे. पिवळेजर्द, आणि आंधळे.

६

"दरवर्षी चांदीचं नाणं ठेवते मी पूजेत," प्रांजली म्हणाली. कोणाशी बोलत होती कळत नव्हतं. "यंदा म्हटलं, घरात सोन्याचे राजे असताना... बाबांना पहिला झटका येऊन गेला होता. म्हटलं, लक्ष्मीपुढे खरं सोनं ठेवू, त्यांना बरं वाटेल. बाबा झोपले होते. मग दूध-कुंकू खाचांत सुकलं. नरेशचा फोन आला. मी भांड्यासारखी घासली. मला काय माहीत..."

"अन् मघाशी?" सुशीलचा आवाज चढला. "मघाशी तोंडात काय दही होतं? पोरगी तिथे..."

"भाऊ," कांता म्हणाली, "तुम्हीपण जरा दमानं. पोलीस तुम्हीच बोलावत होते."

सुशील मागे सरला. बरं केलं. घरात लाज एकाची नसते, वाटून घ्यावी लागते.

प्रांजली पायलपुढे आली. हात जोडायला निघाली तर पायलने ते धरले.

"वहिनी, नाणी खराब झाली ते मी समजू शकते. भल्यासाठी केलं तुमी. पण सकाळच्या दहापासून साडेचारवरी तुमी मले चोर राहू दिलं. माह्या बाबाजीसमोर. ते मले पचायले टाइम लागीन." तिने हात सोडले. "लागीन, पण पचीन."

नरेशने राजे एकेक उचलून पाहिले, मान हलवली आणि पेटीत ठेवले. "सोनं आहे," तो म्हणाला, "बाकी गेलं." नागपूरला न्यायला सोनंही पुरेल, असं त्यानेच वर सांगितलं, आणि निघताना श्यामरावांना वाकून नमस्कार केला, जो त्याने येताना केला नव्हता.

सुशीलने कपाट उघडलं. फाइल काढली. दोन्ही हातांनी भय्याजींना दिली.

"काका, माफ करा."

"माफीचं राहू द्या, साहेब. एक काम करा. उद्या खिडकीवरचा बाबू विचारीन, हा कागद कुठून आणला. साहेबायची वाचा गेली. तुमी लिहून द्या का हा माह्या बापाच्या संग्रहातला हाय, त्यायनंच देला. म्हणजे कोणी बोट दाखवू शकत नाही."

सुशील बापाच्या टेबलाशी बसला. पहिला कागद त्याने फाडला, दुसरा फाडला. तिसऱ्यावर थांबला, कांताकडे वळला. "ताई, तुम्ही सांगा, मी लिहितो." तिने सांगितलं नाही. म्हणाली, तुमच्या बापाबद्दल आहे, तुम्हीच लिहा, चुकलं तर चुकलं. त्याने लिहिलं. पाऊण पान झालं. त्यात कागदाबद्दल चार ओळी होत्या आणि बाकी सगळं त्या माणसाबद्दल, जो तीन महिने माळ्यावरच्या धुळीत दुसऱ्याच्या आज्याचं नाव शोधत बसला होता आणि घरात कोणी विचारलंही नाही की बाबा, काय करताय. ते सरकारी टेबलावर चालणारं लिखाण नव्हतं. पण खाली सही होती, तारीख होती, आणि भय्याजींनी ते वाचून एक अक्षर कमी करू दिलं नाही.

बाहेर येताना कांता पायलला म्हणाली, "तुले आता या घरात पाय ठेवायची गरज नाही, पोरी. मी दुसरी बाई पाहून देतो त्यायले. उद्या तुही तपासणी आहे, जा, झोप."

पायल चप्पल घालत होती. एक पाय घातला आणि थांबली.

"मावशी, पाच वाजले."

"मंग?"

"आजोबाले कुशीवर करायचं राहिलं. दुपारपासून एकाच अंगावर हायेत. पाठ सोलून निघन." तिने चप्पल काढली. "भांडणं आपली होती. त्यायनं काय केलं?"

कांता दारातून पाहत राहिली. पायलने चादर ओढून धरली, एका झटक्यात म्हाताऱ्याला उजवीकडे वळवलं, पाठीवर पावडर लावली, उशी कोंबली. रोजचंच काम, रोजच्याच हातांनी. मग ती समोर येऊन उकिडवी बसली, म्हणजे त्यांचे डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आले.

"आजोबा, उद्या मी जातो कागद घेऊन. तुमचा कागद."

श्यामरावांनी मान हलवली नाही. पहिल्यांदाच नाही हलवली. डावा हात चादरीतून वर आला आणि छातीपुढे उभा राहिला, अर्धा. दुसरा हात यायचा होता. तो आला नाही. तो चादरीवर पडून राहिला, आणि म्हातारा त्याच्याकडे पाहत राहिला, जणू हाक मारतोय.

पायलने आपला तळहात त्यांच्या तळहाताला लावला. नमस्कार पुरा झाला. तो कोणी कोणाला केला, ते दारात उभ्या असलेल्या कांताला सांगता आलं नसतं, आणि दहा गोष्टी पाहून सांगायची सवय असलेल्या त्या बाईला त्या घडीला डोळ्यांपुढचं नीट दिसतही नव्हतं.